कुलूप न उघडता पेटीत शोध

पूर्वी शाळेचे दप्तर म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात स्कॉलर रजिस्टर, टी. सी.ची पुस्तके, फीच्या पावत्या, आणि कपाटाची किल्ली कार्यालयातल्या बाबूजींच्या खिशात. एखाद्या माजी विद्यार्थ्याला जन्मतारखेचा दाखला हवा असला की बाबूजी धूळ झटकून रजिस्टर काढत आणि रकान्यावरून बोट फिरवत नाव शोधत. यात वेळ जाई, पण एक सोय होती. कपाट कोणी उघडले हे सगळ्यांना दिसत असे.

आता बहुतेक शाळांचे दप्तर संगणकावर गेले आहे, आणि तो संगणक शाळेत नसतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली माहिती-केंद्रे सुरू केली. अ‍ॅमेझॉनचे केंद्र २०१६ मध्ये मुंबईत आले, गूगलचे २०१७ मध्ये. ‘क्लाउड’ म्हणजे ढग, असे नाव असले तरी आकाशात काही नसते. थंड केलेल्या मोठ्या इमारतीत रांगेने मांडलेली यंत्रे असतात, आणि ती दुसऱ्याच्या मालकीची असतात. इंदूरच्या मुलाचे नाव, त्याचा समग्र आयडी, जातीचा दाखला, रक्तगट, वडिलांचा मोबाइल क्रमांक हे सारे अशा एखाद्या इमारतीत मुक्कामाला असण्याची शक्यता बरीच आहे.

त्या इमारतीतले लोक चोर आहेत असे मुळीच नाही. या विषयाचे अभ्यासक अशा सर्व्हरला ‘प्रामाणिक पण चौकस’ असे मानून चालतात. म्हणजे सांगितलेले काम तो चोख करील, पण समोर पडलेले वाचल्याशिवाय राहणार नाही. पोस्टकार्ड वेळेवर आणून देणारा, आणि देताना “मुलीचं जमलं वाटतं, अभिनंदन!” म्हणणारा पोस्टमन जुन्या पिढीला आठवत असेल. त्यात आणखी एक भर घाला. सर्व्हर कितीही सज्जन असला तरी त्याच्याकडे दरोडा पडू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पॉवरस्कूल या शालेय संगणक-सेवेत चोरलेल्या पासवर्डाच्या आधारे एक कॉलेजविद्यार्थी शिरला. तिथल्या सरकारी वकिलांनी न्यायालयात सांगितल्याप्रमाणे ६ कोटींहून अधिक विद्यार्थ्यांची आणि सुमारे १ कोटी शिक्षकांची माहिती त्याच्या हाती लागली. या मुलांच्या शाळांनी स्वतः काहीच चूक केली नव्हती. त्यांनी आपले कपाट एका मोठ्या गोदामात ठेवले होते, इतकेच.

मग उपाय सोपा वाटतो: माहिती कुलूपबंद करून पाठवावी. संगणकाच्या भाषेत याला एन्क्रिप्शन म्हणतात, मराठीत कूटबद्ध करणे म्हणू. २००१ पासून अमेरिकी सरकारने मान्य केलेली ‘एईएस’ ही पद्धत जगभर वापरात आहे आणि योग्य किल्ली नसेल तर ती फोडणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. पण इथेच खरी अडचण सुरू होते. कुलूपबंद माहितीत सर्व्हरला काहीच दिसत नाही, त्यामुळे तो शोधूही शकत नाही. एका मुलाचा दाखला हवा म्हणून सगळे दप्तर इंदूरला उतरवून घ्यायचे, उघडायचे आणि पाहायचे, किंवा सर्व्हरच्या हाती किल्ली द्यायची. पहिल्यात क्लाउडचा उपयोग राहत नाही आणि दुसऱ्यात कुलपाचा. किल्ली न देता शोध करून घेता येईल का, हा या लेखाचा प्रश्न.

बालमित्रांनो, उत्तराचा पहिला प्रयत्न तुम्ही स्वतः कधीतरी केलेला आहे. ‘च’ची भाषा! शब्दाचे पहिले अक्षर शेवटी नेऊन ठेवायचे आणि त्याच्या जागी ‘च’ घालायचा. ‘मला’चे होते ‘चलाम’, ‘गणित’चे ‘चणितग’, ‘तबला’चे ‘चबलात’. आता सगळी वही या भाषेत लिहून शेजारच्या मुलाला दिली आणि “यात ‘चबलात’ कुठे कुठे आहे ते सांग” असे म्हटले, तर त्याला अर्थ न कळताही तो बरोबर सांगेल. शोध झाला! अर्थात ‘च’ची भाषा लहान भावंडेही दोन दिवसांत ओळखतात. पण तिच्याऐवजी एईएससारखी भक्कम पद्धत घेतली आणि एका शब्दाचे नेहमी एकच कूटरूप ठेवले, तरी शोध असाच चालतो.

पण भाषा कितीही भक्कम असली तरी एकाच शब्दाचे एकच रूप ठेवण्यात मोठी गोम आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने ती लिहून ठेवली. कोणते चिन्ह किती वेळा येते ते मोजा, म्हणजे अर्थ आपोआप बाहेर पडू लागतो. रक्तगटाचा रकाना घ्या. आठच उत्तरे शक्य. भारतात ‘बी’ आणि ‘ओ’ हे गट सर्वांत जास्त आढळतात, एबी निगेटिव्ह सर्वांत विरळा. रकान्यात जे कूटरूप सर्वाधिक दिसते ते काय असेल आणि जे हजारांत चार-पाचदा दिसते ते काय असेल, हे सांगायला किल्ली लागत नाही. मराठी शाळेत आडनावांच्या रकान्याचीही तीच गत; जोशी आणि कुलकर्णी लपून राहणे कठीणच! २०१५ साली नावीद, कामारा आणि राइट या संशोधकांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांची खरी माहिती घेऊन हेच दाखवले. शोधता यावी म्हणून सैल कुलपात ठेवलेल्या रकान्यांतून रुग्णाचे वय, लिंग, आजाराची तीव्रता अशा गोष्टी बाहेरच्या आकडेवारीशी ताडून फार मोठ्या प्रमाणात ओळखता आल्या.

ज्या पद्धतीवर हा हल्ला केला, तिची कल्पना मोठी मजेदार होती. २०११ मध्ये एमआयटीतल्या रालुका पोपा, हरी बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी ‘क्रिप्टडीबी’ नावाची व्यवस्था मांडली. त्यांनी प्रत्येक नोंदीवर कांद्यासारखे पापुद्रे चढवले. सर्वांत बाहेरचा पापुद्रा पूर्ण अपारदर्शक, आतला फक्त ‘हे दोन सारखे आहेत का’ एवढे सांगणारा, त्याहून आतला ‘कोणते मोठे, कोणते लहान’ हे सांगणारा. गरज पडेल तेवढेच पापुद्रे काढायचे. वेग उत्तम मिळाला. पण कांद्याचा पापुद्रा एकदा काढला की परत चिकटवता येत नाही, आणि दिवसेंदिवस कांदा सोलला जातो.

आता दुसरी वाट पाहू. ती मला जास्त आवडते, कारण ती वर्गात पाकिटे घेऊन करून पाहता येते. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातल्या साँग, वॅग्नर आणि पेरिग यांनी २००० साली कूटबद्ध मजकुरात शब्द शोधण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि २००६ मध्ये कर्टमोला, गॅरे, कामारा व ऑस्ट्रॉव्स्की यांनी तिला नीट गणिती शिस्त लावली. मूळ कल्पना पुस्तकाच्या शेवटी असणाऱ्या सूचीसारखी आहे. मजकूर पूर्ण कुलपात ठेवायचा, आणि शोधासाठी वेगळी सूची करायची, पण तीही गुप्त.

समजा वर्गात ४० मुले आहेत आणि कोणाला कशाची आवड आहे याची नोंद ठेवायची आहे. तबला वाजवणारे तिघे, हजेरी क्रमांक ७, १९ आणि ३२. ताईंकडे एक गुप्त वही आहे. त्या वहीत ‘तबला-१’ याच्यासमोर मनाला येईल तो आकडा लिहिला आहे, समजा ४८१३. ‘तबला-२’समोर ०९७६, ‘तबला-३’समोर ७२५०. तीन पाकिटे घ्या, त्यांवर हे तीन आकडे लिहा आणि आत हजेरी क्रमांकाची चिठ्ठी घालून बंद करा. बुद्धिबळ, पोहणे, चित्रकला यांचेही असेच. मग सगळी पाकिटे पिसून सर्व्हर झालेल्या मुलाच्या स्वाधीन करा.

त्याला काय दिसते? शंभरएक पाकिटे, प्रत्येकावर वेगळा आकडा. कोणताही आकडा दोनदा आलेला नाही, म्हणून अल-किंदीची मोजणी इथे लंगडी पडते. तबल्याची तीन पाकिटे एकमेकांची भावंडे आहेत हेही त्याला कळत नाही. ताईंना तबलावादक हवे असले की त्या वहीत पाहून “४८१३, ०९७६, ७२५० आण” असे सांगतात. मुलगा पाकिटे आणतो, ताई उघडतात. खजराना गणपतीच्या दर्शनाला गेल्यावर चप्पल स्टँडवरच्या माणसाला बिल्ल्याचा नंबर ठाऊक असतो, तुमचे नाव नसते, तसाच हा प्रकार.

प्रत्यक्षात संगणक एवढी मोठी वही बाळगत नाही. मालकाकडे एकच मुख्य किल्ली असते. तिच्यापासून प्रत्येक शब्दाची एक छोटी उपकिल्ली काढता येते, आणि उपकिल्लीपासून १, २, ३ असे सगळे आकडे. हे गणित पुढे जायला सोपे आणि उलटे यायला अशक्यप्राय असे निवडलेले असते. शोधाच्या वेळी मालक ‘तबला’ हा शब्द न पाठवता फक्त त्याची उपकिल्ली पाठवतो. सर्व्हर तिच्यापासून पहिला आकडा काढतो, पाकीट सापडते. दुसरा काढतो, सापडते. तिसरा काढतो, सापडते. चौथे सापडत नाही, तिथे थांबतो. लाखो नोंदी असल्या तरी जेवढी उत्तरे तेवढेच काम. बाकीच्या शब्दांची पाकिटे त्याला पूर्वीइतकीच अनोळखी राहतात.

इतके झाल्यावर सगळे सुरक्षित झाले असे वाटेल. तसे नाही, आणि माझ्या मते विकणारे लोक जे सांगत नाहीत ते इथे आहे. ‘तबला’ हा शब्द सर्व्हरला कळला नाही, पण एका प्रश्नाला तीन पाकिटे लागली हे कळले. ती कोणती हे कळले. कालचा प्रश्न आज पुन्हा आला हेही कळले. स्नेहसंमेलनाच्या आदल्या आठवड्यात रोज तोच प्रश्न येऊ लागला, तर चौकस माणसाला अंदाज बांधायला किती वेळ लागेल? २०१२ साली इस्लाम, कुझू आणि कांतार्चिओग्लू यांनी दाखवले की, मजकुराचा साधारण बाज आधी ठाऊक असेल तर केवळ ‘कोणत्या प्रश्नाला कोणती कागदपत्रे आली’ यावरून बरेच शब्द ओळखता येतात.

याहून धूर्त युक्ती २०१६ मध्ये झांग, कात्झ आणि पापामांथू यांनी मांडली. आठवी-नववीच्या मुलांनी ती कागदावर करून पाहावी. समजा शोधले जाणारे शब्द आठच आहेत: तबला, पोहणे, बुद्धिबळ, चित्रकला, खो-खो, गायन, वक्तृत्व, कबड्डी. सर्व्हरवाला तुम्हाला तीन साधी दिसणारी पत्रे पाठवतो. पहिल्यात पहिले चार शब्द येतात. दुसऱ्यात पहिला, दुसरा, पाचवा, सहावा. तिसऱ्यात पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. तुमचा संगणक बिचारा ही पत्रेही इमानाने कूटबद्ध करून दप्तरात ठेवतो. आपली पत्रे कोणती हे सर्व्हरला माहीत असते, कारण ती कधी आली हे त्याने पाहिले आहे. पुढे तुमच्या एका शोधाला पहिले आणि तिसरे पत्र उत्तरात आले, दुसरे आले नाही. शब्द कोणता? बुद्धिबळ! एकही पत्र आले नाही तर कबड्डी. तीन पत्रांत आठ शब्द, तर दहा पत्रांत २ चा १० वा घात, म्हणजे १०२४ शब्द उघडे पडतात. यावर तोड अशी की, नव्याने ठेवलेले पाकीट जुन्या उपकिल्लीने सापडूच नये अशी रचना करायची. २०१४ नंतरच्या पद्धतींत ही काळजी बरीच घेतलेली आहे. त्याने जुने प्रश्न वाचतात, पण पत्र ठेवून झाल्यावर नव्याने विचारलेला प्रश्न वाचत नाही.

कोणते पाकीट उचलले हेसुद्धा लपवायचे असेल तर? ओडेड गोल्डराइख यांनी १९८७ मध्ये त्याचाही मार्ग शोधला. दर वेळी हव्या त्या डब्याबरोबर आणखी काही डबे काढायचे आणि परत ठेवताना जागा बदलायच्या, म्हणजे पाहणाऱ्याला मेळ लागत नाही. उपाय पक्का, पण एका चिमूटभर हिंगासाठी निम्मी मांडणी उतरवण्यासारखा.

आणि शेवटची पायरी म्हणजे पाकीट न उघडता आतल्या कागदावर बेरीज-गुणाकारही करणे. हे शक्य आहे का, असा प्रश्न रिव्हेस्ट, एडलमन आणि डर्टुझोस यांनी १९७८ मध्ये विचारला होता. ‘होय’ हे उत्तर यायला २००९ साल उजाडले. ते दिले स्टॅनफर्डमध्ये संशोधन करणाऱ्या क्रेग जेंट्री यांनी. त्यांनी समजावून सांगताना दाखला दिला तो सराफी दुकानाचा. कारागिराला सोने हाताळू द्यायचे पण चोरू द्यायचे नाही, म्हणून कुलूपबंद काचेच्या पेटीला हातमोजे जोडायचे. तो आत हात घालून दागिना घडवतो, बाहेर काही काढू शकत नाही. आपल्या सराफ्यातल्या लोकांना ही कल्पना कितपत रुचेल कोण जाणे! सुरुवातीला हे काम भलतेच मंद होते. २०११ च्या एका प्रयोगात त्यातल्या एका आवश्यक टप्प्याला लहान आकाराच्या मांडणीत अर्धा मिनिट आणि मोठ्या आकारात अर्धा तास लागत असे. आता वेग पुष्कळ वाढला आहे. २०२४ पासून अ‍ॅपलच्या फोनमध्ये अनोळखी क्रमांक कोणाचा हे सर्व्हरला विचारताना तो क्रमांक अशाच कुलपात पाठवण्याची सोय आहे. पाकीट-सूचीची वाटही बाजारात आली आहे. मोंगोडीबी या प्रसिद्ध माहितीकोशात ती २०२३ पासून नियमित वापरासाठी मिळते.

आपल्या देशात याच्या जवळचे उदाहरण आधारचे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी रंजना सोनवणे यांना मिळाले. हा जिल्हा आपल्या मध्यप्रदेशाला, बडवानीला लागून आहे. पुढे हा बारा आकडी क्रमांक असंख्य कार्यालयांच्या फायलींत पसरला. तेव्हा जुलै २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने आदेश काढला की, ज्या संस्थांना हा क्रमांक जपून ठेवावा लागतो त्यांनी तो वेगळ्या कूटबद्ध तिजोरीत ठेवावा आणि बाकी सगळीकडे त्याच्या जागी एक ‘संदर्भ किल्ली’ वापरावी. ही आपली पाकीट-सूची नव्हे; तिजोरी आणि तिची किल्ली त्याच संस्थेकडे असते. पण चप्पल स्टँडच्या बिल्ल्याचे तत्त्व तेच. पालकांनी एवढे लक्षात ठेवावे की, सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही.

विश्वस्तांसाठी दोन शब्द. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. माहिती दुसऱ्या कंपनीकडे सोपवली तरी जबाबदारी सोपवणाऱ्याचीच राहते, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. संगणक-सेवा विकायला आलेला गृहस्थ “आमच्याकडे सगळे एन्क्रिप्टेड आहे” असे सांगेलच. त्याला एकच प्रश्न विचारावा: किल्ली कोणाकडे? बहुतेक वेळा ती त्याच्याच कंपनीकडे असते. तसे असेल तर डिस्क चोरणाऱ्यापासून संरक्षण मिळते, पण कंपनीच्या आतल्या माणसापासून किंवा तिचा पासवर्ड चोरणाऱ्यापासून मिळत नाही. लहान शाळेला महागड्या युक्त्यांची गरज आहे असे मला वाटत नाही. नावांची यादी मोकळी आणि जात, रक्तगट, आजार, बँक खाते हे रकाने आपल्या किल्लीने बंद, एवढ्याने पुष्कळ साधते. आणि जे विचारायची गरजच नव्हती ते विचारले नाही तर त्याहून जास्त. प्रत मात्र आपल्याकडे वेगळी ठेवावीच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर हल्ल्यात बंद पडले तेव्हा कित्येक दिवस कामकाज कागदावर चालले होते.

किल्ली आपल्याकडे ठेवायची म्हटली की लगेच प्रश्न येतो, ती हरवली तर? मग दप्तर कायमचे गेले. ती एकट्या मुख्याध्यापकांकडे ठेवणेही बरे नव्हे. यावर आदी शामिर यांनी १९७९ मध्ये दिलेला तोडगा नववीच्या भूमितीत बसतो. समजा किल्ली आहे ७. आलेखावर ७ पासून निघणारी आणि प्रत्येक पावलाला ३ चढणारी सरळ रेषा काढा. पाच विश्वस्तांना त्या रेषेवरचा एकेक बिंदू द्या: पहिल्याला १०, दुसऱ्याला १३, मग १६, १९ आणि २२. एकाच बिंदूतून असंख्य रेषा जातात, म्हणून एकट्याला काहीच कळत नाही. पण दुसरे आणि पाचवे विश्वस्त एकत्र आले तर तीन पावलांत ९ चढ, म्हणजे पावलाला ३. दुसऱ्या पावलावर १३, तर आरंभी ७. तिघे जमल्याशिवाय उघडू नये असे हवे असेल तर रेषेऐवजी अन्वस्त घ्यायचा.

पाकिटांचा खेळ मधल्या सुट्टीनंतरच्या एका तासात होतो. जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटे चालतात. मात्र आतली चिठ्ठी बाहेरून दिसणार नाही अशी जाड घ्यावीत, आणि सर्व्हर होण्यासाठी वर्गातले सर्वांत चौकस मूल निवडावे.